मोजून काढा, मोजून ठेवा

वाचकहो, तुमच्या घरात एखादा पाना असेलच. ट्रॅक्टर असेल तर भरलेली पेटी असेल. नसेल, तर निदान सायकलचा पाना, एक पक्कड, दांडा खिळखिळा झालेली हातोडी आणि टोक झिजलेला पेचकस एवढा संसार तरी असतोच. आता मला सांगा, या घडीला तो पाना कुठं आहे? दहातले आठ जण म्हणतील, "असेल तिथंच कुठंतरी. गोठ्यात असेल, मोटारीच्या खोलीत असेल, नाहीतर शेजारच्यांनी नेला असेल." या 'असेल कुठंतरी'विषयीच आज मला तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

मी शेतकऱ्याचा मुलगा. पण माझा जन्म गेला विमानं दुरुस्त करण्यात. आधी हवाई दलात आणि पुढं प्रवासी विमानांच्या कामावर, अशी चाळीस वर्षं मी हातात पाना धरला. विमान चालवणारा वैमानिक सगळ्यांना दिसतो. त्याचा गणवेश दिसतो, टोपी दिसते. विमानाच्या पोटाखाली उताणं पडून, तोंडावर तेल गळत असताना बोल्ट आवळणारा माणूस कुणाला दिसत नाही. सुट्टीत गावी आलो की पारावरची म्हातारी माणसं विचारायची, "काय रं, तू इमान चालवतोस म्हणं?" मी सांगायचो, "नाही आजा, मी इमानाचा लोहार आहे." त्यावर ती मंडळी समाधानानं मान हलवायची. वैमानिक काय करतो हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं, पण लोहारावाचून गावगाडा अडतो हे पक्कं ठाऊक होतं.

तसं पाहिलं तर माझं शिक्षण लोहाराच्या भात्यापाशीच सुरू झालं. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. भाता ओढायला मिळावा एवढीच आशा. लोहारकाकांची सांडशी उजव्या हाताला, घण डाव्या बाजूला, छिन्न्या ऐरणीच्या मागं. न बघता हात गेला तरी हवी ती वस्तू हातात यायची. तापलेलं लोखंड कुणासाठी थांबत नाही. हत्यार शोधत बसलं तर ते निवून जातं. हत्याराला ठरलेली जागा का हवी, हा पहिला धडा मला तिथं मिळाला.

दुसरा धडा आईनं दिला. उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर गोधड्या शिवायला चार बायका जमायच्या. काम संपलं की आई सुया मोजायची. चार काढल्या असतील तर चारच परत दोऱ्याच्या गुंडीला टोचल्या गेल्या पाहिजेत. एक कमी आली, तर गोधडीची घडी घालायची नाही. हातानं चाचपून, उन्हात धरून, झटकून ती सुई सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. "ह्यात लेकरू निजायचंय," एवढंच ती म्हणायची. पुढं प्रशिक्षण शाळेत मोठमोठी पुस्तकं समोर ठेवून आम्हाला जे शिकवलं, ते आईच्या या एका वाक्यापलीकडचं नव्हतं.

१९६९ साली मी हवाई दलात भरती झालो. वाटलं होतं, पहिल्या दिवशीच इंजिन खोलायला मिळेल. कसलं इंजिन! लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा, शेगडा आणि कानस एवढं पुढ्यात आलं. तुकडा घासून असा चौकोनी करायचा की गुण्या लावून उजेडाकडं धरला तर फटीतून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. हाताला फोड आले, फोडांचे घट्टे झाले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, ते दगडापुरतं खरं नाही, कारागिराच्या हातालाही लागू आहे.

मग पेटी मिळाली. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली. पान्यापान्यावर नंबर कोरलेला. सकाळी पेटी मोजून घ्यायची, काम संपलं की मोजायची, पाळी बदलताना मोजून द्यायची. भिंतीवर एक मोठी फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची काळी सावली रंगवलेली. हत्यार जागेवर असलं की सावली झाकलेली, कुणी काढलं की सावली उघडी. दारातून आत येणाऱ्याला एका नजरेत कळायचं की काय बाहेर आहे. आजही जगभर विमानांच्या कार्यशाळांत ही सावलीची फळी दिसते.

माझं पहिलं विमान डाकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले पहिले जवान श्रीनगरला उतरले ते याच जातीच्या विमानांतून. दोन इंजिनं. एकेका इंजिनात दोन कड्यांत मांडलेले १४ सिलिंडर आणि दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानात ५६ प्लग. ज्यानं विहिरीवर एका सिलिंडरचं ऑइल इंजिन हँडल मारून चालू केलेलं, त्या पोराला हा केवढा राजवाडा वाटला असेल, तुम्हीच विचार करा. एकेका प्लगचं टोक पुसताना मला देवाची भांडी घासल्यासारखं वाटायचं. हा नाद पुढं सुटला नाही. पगार वाढला, विमानं बदलली, पंख्याची जाऊन जेटची आली, पण स्वच्छ पुसलेला पाना हातात घेतला की मन जागेवर येतं, हे आजही तसंच आहे.

एका संध्याकाळची गोष्ट सांगतो. आमच्या तुकडीनं काम संपवलं, झाकणं लावली आणि मोजणीत अर्ध्या इंचाची एक सॉकेट कमी आली. सॉकेट म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारी पान्याची टोपी, अंगठ्याएवढी वस्तू. ज्याच्या पेटीतली होती त्यानं स्वतः पुढं येऊन सांगितलं. उस्तादांनी त्याला एक शब्दही रागाचा बोलला नाही. विमानाच्या वहीत लाल शाईनं नोंद केली आणि म्हणाले, "विमान थांबलं. सगळी झाकणं उघडा." बॅटऱ्या आणि आरसे घेऊन आम्ही शोधत होतो. जेवणं राहिली. रात्री दोन वाजता ती टोपी वैमानिकाच्या पायाखालच्या फरशीखाली सापडली. आम्ही वैतागलो होतो. उस्ताद मात्र त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सांगितलंस, हे बरं केलंस. आता झोपा." लपवणाऱ्याला शिक्षा आणि सांगणाऱ्याला शाबासकी, हा आमच्या धंद्यातला मोठा नियम. सांगणाऱ्यालाच झापलं तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही, आणि मग ती टोपी विमानात उडत राहील.

तुम्ही म्हणाल, अंगठ्याएवढ्या टोपीनं एवढं काय बिघडतं? सांगतो. डाकोटासारख्या विमानात वैमानिकाच्या हातातला दांडा आणि शेपटीची पाती यांना जोडणाऱ्या पोलादी तारा असतात. विहिरीच्या चाकावरून दोर जावा तशा त्या लहानलहान चाकांवरून जातात. विहिरीच्या चाकात खडा अडकला तर काय होतं? घागर मध्येच लटकते. तिथं आपण दोर हलवून खडा काढतो. आकाशात काढायला कोण जाणार?

आणि ही जुन्या काळची भीती नाही बरं का. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस इथं क्वांटास कंपनीच्या एअरबस ए३८० या अवाढव्य विमानाचं इंजिन तपासलं गेलं. तपासणीसाठी इंजिन हातानं फिरवायची सव्वा मीटर लांबीची नायलॉनची कांडी आतच राहिली. हत्यार कमी आहे हे कळूनही ते सापडायच्या आत विमान सोडलं गेलं. ते ३४ वेळा उडालं, जवळजवळ २९४ तास हवेत राहिलं, तेव्हा कुठं पुढच्या तपासणीत कांडी सापडली. नशीब थोर म्हणून काही झालं नाही. पण नशिबावर विमान चालवायचं नसतं आणि मळणी यंत्रही चालवायचं नसतं.

आता माझ्या पेटीतल्या दोन-तीन लाडक्या हत्यारांची ओळख करून देतो. ती तुमच्याही कामाची आहेत.

पहिला टॉर्क पाना. नेहमीच्या पान्यानं आपण अंदाजानं आवळतो. कुणी दमलेला असतो तो ढिलं सोडतो, कुणी पैलवान असतो तो बोल्टच पिळून काढतो. टॉर्क पाना बोल्टावर किती पीळ बसला ते दाखवतो किंवा ठरलेला पीळ बसला की 'टक्' असा आवाज देतो. दांडा जितका लांब तितका पीळ जास्त, हे पहारीनं दगड उलथणाऱ्याला शिकवायला नको. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आवळलेला बोल्ट केसाएवढा ताणला जातो, आणि त्या ताणावरच तो दोन भाग धरून ठेवतो. ढिला राहिला तर थरथरून सुटतो, फार ताणला तर आतून मरतो आणि एक दिवस तुटतो. म्हणून पान्याला पाइप लावून जोर काढणं हे मर्दुमकीचं काम नव्हे. इंजिनाच्या हेडचे बोल्टही एका बाजूनं ओळीनं आवळत जायचे नसतात. पुस्तकात दिलेल्या क्रमानं, थोडेथोडे करून, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे.

दुसरी वस्तू म्हणजे बांधायची तार. विमानातल्या पुष्कळ बोल्टांच्या डोक्याला बारीक भोक असतं. दोन बोल्टांतून तार ओवून तिला पीळ देतात, आणि ती अशा दिशेनं ओढतात की एक बोल्ट सुटू लागला तर दुसऱ्याला आवळणाऱ्या बाजूला ओढील. बैलगाडीचं चाक आसातून निघू नये म्हणून आपण खीळ ठोकतो, त्यातलाच हा प्रकार. आवळलं म्हणजे झालं असं नाही, आवळलेलं सुटणार नाही याची तजवीज झाली म्हणजे काम झालं.

तिसरं हत्यार मायक्रोमीटर. हे मिलीमीटरचा शंभरावा भाग मोजतं. डोळा कितीही तयार असला तरी तो फसतो, आणि हा डोळा किती महाग पडतो त्याची एक गोष्ट विमानाच्या धंद्यात सगळीकडं शिकवली जाते. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचं एक विमान इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालं. आदल्याच दिवशी पहाटे त्याची पुढची काच बदललेली होती. काचेला ९० बोल्ट. बसवणाऱ्यानं जुना बोल्ट हातात धरून नव्याशी नजरेनं जुळवला, भागांच्या यादीतला नंबर पडताळला नाही. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला पाऊण मिलीमीटरहूनही थोडे कमी होते. उरलेले सहा लांबीला तोकडे. विमान १७,३०० फुटांवर पोचलं आणि काच उडून गेली. कप्तान कमरेपर्यंत खिडकीबाहेर ओढला गेला. सोबत्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, दुसऱ्या वैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कप्तानासकट सगळे वाचले. बसवणारा माणूस आळशी नव्हता, अनुभवी होता. रात्रीची वेळ, माणसं कमी, काम उरकायची घाई आणि 'मला काय विचारायचं, मी रोज करतो' हा भरवसा. वाचकहो, हा भरवसा तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या अंगात असतो. म्हणून विमान वळवणाऱ्या-चढवणाऱ्या यंत्रणेवर काम झालं की दुसऱ्या माणसानं येऊन ते स्वतंत्रपणे तपासायचं आणि त्यानंही सही करायची, असा नियम आहे. यात पहिल्याचा अपमान नसतो. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे, एवढंच.

या धंद्याचा मूळपुरुष कोण, हे तुम्हाला सांगायलाच हवं. पहिलं विमान राइट बंधूंनी उडवलं हे शाळेतली पोरंही सांगतील. पण त्याचं इंजिन कुणी केलं? चार्ल्स टेलर नावाच्या मिस्त्रीनं. अमेरिकेतल्या डेटन गावी राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. तिथं १९०१ साली टेलर आठवड्याला १८ डॉलरवर कामाला लागला. पुढं बंधूंना हलकं इंजिन हवं होतं. त्यांनी मोटार कंपन्यांना पत्रं लिहिली, पण हवं तसं कुणी देईना. मग टेलरनं ते दुकानातच करायला घेतलं. यंत्रं काय, तर एक लेथ, एक भोकं पाडायचं यंत्र, बाकी हातची हत्यारं. नीट नकाशे नव्हते. कागदाच्या चिटोऱ्यावर आकृती काढायची, ती बाकावर समोर खोचायची आणि काम करायचं. इंजिनाचा वाकडा दांडा, म्हणजे क्रँक, त्यानं सुमारे ४५ किलोच्या पोलादी फळीतून काढला. आकृतीच्या कडेनं भोकामागून भोकं पाडली, छिन्नी-हातोडीनं नको तो भाग उडवला, मग लेथवर घासून घेतला. शेवटी दांडा उरला ९ किलोच्या आत. सहा आठवड्यांत इंजिन तयार. चाचणीत ते एकदा फुटलंही. पुन्हा नवं ओतून घेतलं. ताकद सुमारे १२ अश्वशक्ती. तुमच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर असेल, तिच्या अडीच पटही नाही. १७ डिसेंबर १९०३ ला त्या इंजिनावर माणूस पहिल्यांदा उडाला. पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट.

टेलरचं पुढं काय झालं? पैसा त्याच्याकडं टिकला नाही. म्हातारपणी तो आजारी होऊन लॉस एंजेलिसच्या इस्पितळात धर्मादाय विभागात पडलेला आढळला. विमानधंद्यातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याची सोय केली. १९५६ साली, ८७ व्या वर्षी तो गेला. आता अमेरिकेत २४ मे हा त्याचा जन्मदिवस विमान-मिस्त्र्यांचा दिवस म्हणून पाळतात, आणि पन्नास वर्षं या धंद्यात घालवणाऱ्याला त्याच्या नावाचा सन्मान देतात. हातानं काम करणाऱ्याची आठवण जगाला उशिरा होते, ती अशी.

आपल्याकडंही असे हात होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद तुम्हाला साखर कारखान्यामुळं ठाऊक असतील. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. त्यांनीच डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला विमानाचा कारखाना काढला, आजचा हिंदुस्तान एरोनॉटिक्स. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा परक्यांनी कानपूरला लिबरेटर जातीची मोठी बॉम्बफेकी विमानं, पुन्हा उडू नयेत अशा बेतानं मोडतोड करून टाकून दिली होती. स्वातंत्र्यानंतर बंगलोरच्या कारागिरांनी त्या भंगारातून एकेक विमान जमेल तेवढं नीट केलं, ते उडवत बंगलोरला नेलं आणि तिथं पुरतं दुरुस्त केलं. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ पासून ती हवाई दलात दाखल झाली आणि शेवटची १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाली. भंगारातून वीस वर्षांची चाकरी! पुढं १९६४ साली निफाड तालुक्यात ओझरला, द्राक्षाच्या मळ्यांच्या शेजारी, मिग विमानांचा कारखाना आला आणि आसपासच्या शेतकऱ्यांची कितीतरी मुलं आयटीआय करून तिथं लागली. मिग-२१ हवाई दलात आलं १९६३ ला, निवृत्त झालं सप्टेंबर २०२५ मध्ये. बासष्ट वर्षं ते उडत राहिलं, त्यामागं अशा किती पेट्या आणि किती मोजण्या असतील!

हे सगळं शेतकऱ्याच्या घरात कशाला सांगायचं, असं कुणी विचारील. त्याचं कारण गावात घडलं.

मी निवृत्त होऊन गावी राहायला आलो त्यानंतर तिसऱ्या वर्षी सोयाबीनचा हंगाम जोरात होता. आमच्या शिवारात मळणी यंत्र फिरत होतं. पट्ट्यावरची जाळी दुरुस्तीसाठी काढलेली होती, ती परत लावली नव्हती. का? तर तिचे चार बोल्ट सापडत नव्हते. "असतील कुठंतरी, मागनं लावू." दिवस मावळायला आला, ढग आलेले, घाई झाली. एका तरण्याताठ्या मुलाची बाही पट्ट्यात गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं त्याचं. चार बोल्टांची किंमत बाजारात चहाच्या दोन-तीन कपांएवढी. त्या मुलाची आई अजून भाकरी मोडून त्याच्या डाव्या हाताशी ठेवते, ते बघवत नाही.

त्या दिवसापासून मी ठरवलं, चाळीस वर्षांत शिकलो ते पेटीत बंद करून ठेवायचं नाही. आमच्या घराच्या पडवीत मी एक फळी लावली आणि तिच्यावर पान्यांच्या सावल्या रंगवल्या. सुरुवातीला पोरं हसली. "आबा, पाना काय पळून जाणार हाय का?" आता त्यातल्याच चार घरांत तशा फळ्या आहेत.

तुम्हीही करून बघा. खर्च काही नाही. जुनी फळी, चार खिळे आणि उरलेला रंग. खोललेले नट-बोल्ट मातीत टाकू नका, एका डब्यात ठेवा, आणि यंत्र बंद करताना डब्यात एकही उरला नाही ना ते बघा. उरला तर काम झालेलं नाही. विमान जमिनीवर असताना ज्या ज्या ठिकाणी खुंटी किंवा झाकण घातलेलं असतं, तिथं लांब लाल फीत लोंबत असते, म्हणजे विसर पडत नाही. तुम्हीही जाळी काढली की स्टार्टरला लाल चिंधी बांधा, आणि मोटारीचं काम करताना फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे घरातलं कुणी अजाणता बटण दाबलं तरी मोटर चालू होणार नाही. जाळी चढल्याशिवाय चिंधी सोडायची नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला शिकवत. काम अर्ध्यावर असताना कुणी हाक मारली, फोन वाजला, पाहुणा आला, तर परत आल्यावर जिथं सोडलं तिथून पुढं जायचं नाही. तीन पावलं मागं जाऊन तिथून पुन्हा करत यायचं. कारण शेवटचा बोल्ट बोटानं लावला की पान्यानं आवळला हे मन ठामपणानं सांगतं, पण ते खरंच असतं असं नाही. फवारणीचं औषध मोजून टाकणाऱ्यानं आणि पिठात मीठ घालणाऱ्या माउलीनंही हे ध्यानात ठेवावं. मीठ दोनदा पडलं तर भाकरी खारट होते, औषध दोनदा पडलं तर पीक जळतं.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक हात जोडून विनंती. मुलानं येऊन सांगितलं, "दादा, पाना यंत्रात पडला," तर त्याच्यावर हात उगारू नका. आधी यंत्र थांबवा, पाना काढा आणि त्याला म्हणा, सांगितलंस ते बरं केलंस.

माझ्याजवळ अजून माझी स्वतःची एक पेटी आहे, हौसेनं एकेक करून जमवलेली. तीत कानस, पाने, आरसा, तार पिळायची पक्कड आणि एक मायक्रोमीटर आहे. माझ्या मुलांनी दुसरे मार्ग धरले, त्याचं दुःख नाही. पण माझ्या धाकट्या भावाची नात यंदा दहावीला आहे, आणि तिचा डोळा त्या पेटीवर आहे. शिवणयंत्र अडलं की तीच खोलते, पंपाचं वायसर तीच बदलते. भावजय म्हणते, "दादा, पोरीच्या जातीला पाने कशाला? उद्या सासरी काय म्हणतील?" मी तिला म्हटलं, "बाई, गोधडीतली सुई शोधणाऱ्या बायकांनीच मला हा धंदा शिकवला. हात बाईचा की बाप्याचा हे बोल्टाला कळत नाही, नीट आवळलंय की नाही एवढंच कळतं." बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घेऊन, मान्य संस्थेत शिकून, डीजीसीए या सरकारी खात्याच्या परीक्षा दिल्या की विमान दुरुस्तीचा परवाना मिळवता येतो. आता देशात मुलीही हे काम करतात. घरात अजून वाद चालू आहे. तिचा बाप गप्प आहे, आणि आमच्या घरात गप्प म्हणजे निम्मा होकार.

पेटी तिलाच द्यायची हे मी ठरवलंय. अट एकच घातली आहे. झाकणाच्या आतली यादी माझ्या हातची आहे, ती काढून तिनं स्वतःच्या अक्षरात नवी लिहायची, आणि रोज रात्री मोजून खाली सही करायची. कारण मंडळी, झाकण लागलं की आतलं काम कुणाला दिसत नाही. विमानात बसणाऱ्या माणसाला दिसत नाही, मळणी यंत्राशी उभ्या राहणाऱ्या मजुराला दिसत नाही, गोधडीत निजलेल्या लेकराला दिसत नाही. ते सगळे कुणाच्या तरी मोजणीवर भरवसा ठेवून निवांत असतात. त्या भरवशाला जागणं हेच आमच्या धंद्याचं सार आहे, आणि त्याला शाळा-कॉलेज लागत नाही. आज दिवेलागणीला तुमची हत्यारं एकदा मोजून तर बघा.